गिरणगावाची झोप

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, नायगाव, वरळी या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात, कामगाराची झोप ही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्याची एकट्याची बाब नव्हती. ती कधी मोडायची हे गिरणीचा भोंगा सांगत असे, ती कुठे घ्यायची हे खोलीत आधीपासून आडव्या झालेल्या माणसांवर अवलंबून असे आणि ती लांबली तर किती पगार कापला जाईल हे हजेरीचे पुस्तक ठरवीत असे. सकाळी उशिरा उठणाऱ्याला, दुपारी डोळा लागलेल्याला किंवा सुट्टीच्या दिवशी दोन तास अधिक झोपलेल्याला मराठी घरात आजही जी अपराधी भावना वाटते, तिचे मूळ सहसा धर्मग्रंथांत आणि वाडवडिलांच्या शिस्तीत शोधले जाते. ते मूळ खोटे नाही; परंतु त्या शिस्तीचा आशय गिरणीच्या काळात मुळापासून बदलला, आणि स्वतःहून स्वीकारलेल्या नियमाची जागा दुसऱ्याने लादलेल्या हिशेबाने घेतली. हा बदल जिथे सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे घडला, ती जागा गिरणगाव ही होय.

जुन्या ग्रंथांतील झोपेचा विचार समजून घेतल्याशिवाय या बदलाची खोली लक्षात येत नाही. दिवस आणि रात्र प्रत्येकी चार प्रहरांची, म्हणजे एक प्रहर साधारण तीन तासांचा, अशी कालगणना गृहीत धरून दक्षस्मृतीने रात्रीचा पहिला आणि शेवटचा प्रहर अध्ययनाला देऊन मधले दोन प्रहर झोपावे असे सांगितले. आजच्या मोजणीत ही झोप सुमारे सहा तासांची होते. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्येचा आरंभच निरोगी माणसाने ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासून केला. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटांचा काळ, आणि ब्राह्ममुहूर्त हा रात्रीचा उपान्त्य मुहूर्त असल्यामुळे तो सूर्योदयाच्या सुमारे दीड तास आधी सुरू होतो. मात्र हा नियम निरोगी माणसासाठी आहे, ही अट त्या विधानातच आहे, आणि नंतरच्या काळात पहाटे उठण्याचे गोडवे गाताना नेमकी हीच अट गळून पडली.

चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे शरीराला तोलून धरणारे आधार, मानले आहेत, आणि सुखदुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दुर्बलता या साऱ्या गोष्टी झोपेवर अवलंबून असतात असे म्हटले आहे. चरकाने दिवसा झोपणे सर्वसाधारणपणे कफ वाढवणारे म्हणून निषिद्ध ठरवले असले, तरी अपवादांची त्याची यादी पुष्कळ मोठी आहे: ओझी वाहून किंवा वाट तुडवून थकलेले, कष्टाच्या कामाने क्षीण झालेले, रात्री जागरण घडलेले, वृद्ध, बालके आणि आजारी यांना तो दिवसाची झोप मोकळेपणाने देतो, आणि रात्री लहान असल्यामुळे उन्हाळ्यात ती सर्वांनाच देतो. वाग्भट त्याच्याही पुढे जाऊन रात्री जितका वेळ जागरण झाले असेल त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणापूर्वी, झोपून काढावा असा हिशेब सांगतो. या विचाराचा गाभा भरपाईचा आहे. शरीराकडून जे घेतले गेले ते त्याला परत द्यावे लागते, हे वैद्यकाने गृहीत धरले होते आणि त्यात कुणाचाही दोष पाहिला नव्हता.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणारा आणि अति जागणारा अशा दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे आणि दोहोंतील प्रमाण राखण्याचा उपदेश केला आहे. ज्ञानेश्वरीनेही त्याचा विस्तार याच दिशेने केला. समर्थ रामदासांचा सूर यापेक्षा कडक आहे. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपण या नावाचा स्वतंत्र समास असून झोपेने पछाडलेल्या माणसांच्या नाना अवस्था त्यात बारकाईने येतात, आणि इतरत्र पहाटे उठून पाठांतर करावे, आळसाने करंटेपण येते, असा उपदेश वारंवार होतो. मराठी घरांत मुलांना उठवताना वापरली जाणारी भाषा मोठ्या प्रमाणात याच परंपरेची आहे. तरीही रामदासांचा श्रोता हा स्वतःच्या उन्नतीसाठी प्रयत्न करू पाहणारा माणूस आहे, आणि त्याने वाचवलेला वेळ त्याचाच राहतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

स्वेच्छेने केलेले जागरण आणि त्यानंतरची विश्रांती यांचा सांधा महाराष्ट्राच्या लोकधर्मात किती पक्का होता, हे पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या प्रथेवरून दिसते. रोजच्या क्रमात पहाटे काकडआरतीने देवाला उठवले जाते आणि रात्री शेजारतीने निजवले जाते. परंतु आषाढी आणि कार्तिकी यात्रेच्या आधी देवाचा पलंग काढला जातो, त्यानंतर मंदिर रात्रंदिवस दर्शनाला खुले राहते आणि भक्तांसाठी देवही झोपत नाही असे मानले जाते. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. तिच्यात देवाला ऊन पाण्याने स्नान घालून शिणवटा घालवण्यासाठी काढ्याचा नैवेद्य दाखवला जातो आणि नित्याचे राजोपचार, त्यांच्यासोबत देवाची झोपही, पुन्हा सुरू होतात. जागरणाचा शीण देवालाही येतो आणि तो घालवण्याचा विधी करावा लागतो, ही या प्रथेमागची समजूत अत्यंत मानवी आहे. एकादशीला रात्रभर भजन करणारा शेतकरी द्वादशीला पारणे सोडून निवांत आडवा होई, तेव्हा त्याला कुणी आळशी म्हणत नसे. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ पडण्याची वामकुक्षी हाही दिनक्रमाचाच मान्य भाग होता.

हा दिनक्रम घेऊन कोकणातील रत्नागिरीतून, तसेच सातारा आणि देशावरील इतर भागांतून माणसे मुंबईत आली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील तीन दशकांत गिरण्या झपाट्याने वाढल्या. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचे काम सूर्यप्रकाशावर चाले, त्यामुळे कामाचा दिवस उजाडण्यापासून अंधार पडेपर्यंतचा असे. मुंबईत दिवसाची लांबी हिवाळ्यात सुमारे ११ तास तर उन्हाळ्यात सव्वातेरा तासांच्या आसपास असते. गावाकडे उन्हाळा म्हणजे शेतीची कामे थंडावण्याचा आणि दुपारी सावलीत पडण्याचा काळ. गिरणीत मात्र तोच सर्वांत लांब कामाचा काळ ठरला. चरकाने ज्या ऋतूत दिवसाची झोप सर्वांना मोकळी केली होती, त्याच ऋतूत गिरणीने रात्रीची झोपही तोकडी केली.

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या वेळेबद्दल कायदा गप्पच राहिला. या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आणि अपघातात जखमी झालेल्याला भरपाई या मागण्यांसोबत त्यात आणखी एक मागणी होती: काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे.

या शेवटच्या मागणीकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे, पण झोपेच्या इतिहासात तिचे मोल फार आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ च्या सुमारास दिवसाचे आठ तास काम, आठ तास मनोरंजन आणि आठ तास विश्रांती असे तीन समान भाग कल्पिले होते, आणि आठ तासांच्या झोपेचा आकडा जगभर रुजण्यात वैद्यकाइतकाच या कामगार चळवळीचा वाटा आहे. मुंबईच्या कामगारांनी १८८४ मध्ये तासांची वाटणी मागितली नाही. त्यांनी रात्रीला एक शेवट आणि दिवसाला एक आरंभ मागितला. साडेसहापूर्वी गिरणीचे दार उघडू नये, ही पहाटेच्या झोपेवर कामगाराचा हक्क सांगणारी मराठी मुलखातील बहुधा सर्वांत आधीची संघटित मागणी होती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार असल्यामुळे कष्टकरी समाजाला तो परकाही नव्हता. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना आधार दिला, स्त्रियांसाठी अकरा तासांची आणि मुलांसाठी सात तासांची मर्यादा घातली, परंतु प्रौढ पुरुषांचे तास मोकळेच ठेवले.

त्या मोकळीकीचा अर्थ विजेच्या दिव्यांनी दाखवून दिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिरण्यांत वीज आली आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली. कापडाला मागणी चांगली असल्यामुळे १९०५ च्या सुमारास अनेक गिरण्यांत काम चौदा तासांपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही लांबले. चौदा तासांच्या कामात जाण्यायेण्याचा, स्वयंपाकाचा, आंघोळीचा आणि नळावर पाणी भरण्याचा वेळ मिळवला, तर झोपेसाठी पाच तास उरणेही कठीण होते. या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी १९०७-०८ मध्ये फॅक्टरी मजूर आयोग बसला. त्याच्या बहुसंख्य सदस्यांनी प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन घालणे टाळले. मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर यांनी मात्र वेगळे मत नोंदवून अशा थेट मर्यादेचा आग्रह धरला. शेवटी १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची कमाल मर्यादा घातली. आयोगात माणसाच्या शरीराचा विचार शरीराच्या बाजूने करण्यात एक वैद्य अग्रभागी होता, ही नोंद महत्त्वाची आहे.

याच काळात घड्याळही कामगाराच्या झोपेत शिरले. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. त्यापूर्वी मुंबईचे व्यवहार सूर्याला धरून असलेल्या मुंबईवेळेने चालत, आणि नवी वेळ तिच्या ३९ मिनिटे पुढे होती. म्हणजे नव्या घड्याळात सकाळचे सहा वाजत, तेव्हा जुन्या घड्याळाप्रमाणे पाच वाजून एकवीस मिनिटे झालेली असत. कार्यालयात दहा वाजता जाणाऱ्या माणसाला या फरकाची चीड मुख्यतः सरकारी मनमानीमुळे आली. पहाटे गिरणीचे दार गाठणाऱ्या कामगारासाठी तो झोपेतून कापलेला ३९ मिनिटांचा तुकडा होता. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी माग चालवण्यास नकार दिला आणि दगडफेकही झाली. शहरातील सुशिक्षितांनी सभा घेतल्या आणि निवेदनांवर सह्या गोळा केल्या. मुंबई महापालिकेने तर त्यानंतर कित्येक दशके मुंबईवेळ सोडली नाही. या आंदोलनाकडे बहुधा साम्राज्याविरुद्धच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. त्यात ते होतेच, पण गिरणगावाच्या बाजूने पाहिल्यास ते अंथरुणातून अर्धा-पाऊण तास आधी उठवले जाण्याविरुद्धचे आंदोलनही होते.

उशिरा उठण्याची भीती कामगाराच्या मनात रुजवण्याचे काम मात्र भोंग्यापेक्षाही खाड्याने अधिक केले. खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि मुंबईच्या अनेक गिरण्यांत दुहेरी खाड्याची पद्धत होती, म्हणजे एक दिवस गैरहजर राहिलेल्या कामगाराचा दोन दिवसांचा पगार कापला जाई. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने गैरहजेरीच्या प्रमाणापेक्षा अधिक कपात करता येणार नाही असे ठरवले, तोपर्यंत ही पद्धत या ना त्या रूपाने चालू होती. कायम कामगाराची ही अवस्था, तर बदलीची त्याहून बिकट. बदली म्हणजे ज्याला रोजची नोकरी नाही आणि जो कायम कामगार न आल्यास त्याच्या जागी घेतला जातो असा माणूस. तो रोज पहाटे गिरणीच्या दारात उभा राही आणि जॉबर, म्हणजे कामगार भरती करणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम, त्याला आत घेईल की नाही यावर त्याचा दिवस ठरे. बदलीला काम मिळाले नाही, तरी त्याची झोप गेलेलीच असे आणि त्या झोपेची किंमत कुठल्याच वहीत लिहिली जात नसे. हिंदू धर्मशास्त्राने झोपेची मर्यादा सांगितली, वैद्यकाने तिची भरपाई सांगितली. गिरणीने केवळ तिचा दंड सांगितला.

गिरणीमालकांच्या आणि सरकारी अहवालांच्या भाषेत याच कामगाराचे वर्णन वारंवार आळशी असे येते. तो मधूनच मशीन सोडून बाहेर जातो, विडी ओढतो, आवारात आंघोळ करतो, सावलीत पडून राहतो, अशा तक्रारी चौकशी आयोगांपुढे मांडल्या गेल्या, आणि कामाचे लांब तास इतके काही जाचक नाहीत, कारण कामगार त्यातील बराच वेळ काम करीतच नाही, असा युक्तिवाद त्यांच्या आधारे केला गेला. वस्तुस्थिती या युक्तिवादाच्या उलट्या टोकाने वाचली पाहिजे. बारा-चौदा तास सलग, कापसाच्या तुसात आणि दमट उष्णतेत, उभ्याने काम करणे मानवी शरीराला शक्यच नव्हते, म्हणून कामगाराने त्या तासांच्या पोटात स्वतःची विश्रांती चोरून निर्माण केली. गावातील वामकुक्षी गिरणीत गुन्हा ठरली, आणि पुढे तोच गुन्हा त्याच्या जातीचा, प्रांताचा किंवा हवामानाचा स्वभावदोष म्हणून नोंदवला गेला. झोपेची नैतिक झाडाझडती आधी झोप हिरावून घेऊन मग घेतली गेली, आणि हा अन्याय अहवालांच्या शांत भाषेमुळे आजही पुरेसा जाणवत नाही.

गिरणीबाहेरची झोपही सोपी नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईची बहुसंख्य वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. एकट्याने राहणारे पुरुष गावकीच्या गाळ्यात, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत, राहत. तिथे प्रत्येकाची वळकटी, ट्रंक आणि भिंतीवरची खुंटी एवढीच त्याची मालमत्ता असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तीन पाळ्यांचे काम वाढले. सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते मध्यरात्री बारा आणि बारा ते सकाळी सात अशा पाळ्या रूढ झाल्यावर एकाच जागेवर एक उठला की दुसरा पडे, आणि गाळ्यात माणसे दाटीवाटीने मावत ती या पाळ्यांच्या फिरतीमुळेच. ज्यांना आत जागा नसे ते व्हरांड्यात, गच्चीवर किंवा फुटपाथवर झोपत, आणि पावसाळ्यात तीही सोय संपे. रातपाळी करून आलेला माणूस नळाच्या भांडणात, मुलांच्या गोंगाटात आणि पत्र्याखालच्या उकाड्यात सकाळी आठ वाजता झोपू पाहत असे. घरात माणूस झोपला आहे म्हणून मुलांना बाहेर पिटाळणारी आणि स्वतः आवाज न करता भांडी घासणारी आई ही गिरणगावातील कित्येक पिढ्यांच्या आठवणींत आहे.

त्या आईची स्वतःची झोप मात्र कुठल्याही आयोगाने मोजली नाही. एकट्या कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळी गिरणगावात प्रामुख्याने बायकाच चालवीत. सकाळच्या पाळीचा डबा सातपूर्वी आणि दुसऱ्या पाळीचे जेवण तिच्या वेळेला तयार ठेवायचे, मध्यरात्री सुटणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवायचे, म्हणजे तिन्ही पाळ्यांचे काम एकाच बाईच्या अंगावर येई. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभारली, ती मुख्यतः सावकारी कर्जातून सुटका व्हावी म्हणून. परंतु तिच्या निमित्ताने या श्रमाला पहिल्यांदा सार्वजनिक नाव मिळाले. मराठी घरातील बाई सर्वांत आधी उठते आणि सर्वांत शेवटी झोपते, याचे कौतुक करण्याची रीत फार जुनी आहे. त्या कौतुकामुळे तिने दुपारी तासभर पडणे हे तिलाच कमीपणाचे वाटू लागले, आणि झोपेबद्दलच्या अपराधी भावनेचा सर्वांत मोठा भार आजतागायत बायकांनीच वाहिला आहे.

कामाचे तास कमी होण्याची गती मंद होती. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच कराराने उद्योगांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांचे तत्त्व मान्य केले, परंतु ब्रिटिश हिंदुस्थानासाठी त्यात अपवाद करून आठवड्याला ६० तासांची मुभा ठेवली. त्यानुसार १९२२ च्या कायद्याने दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास, तर १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी १० आणि ५४ तास ठरवले. ४८ तासांचा आठवडा १९४६ च्या दुरुस्तीने आला आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कायम झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कारकिर्दीतच या दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले.

आंबेडकरांचे नाव या इतिहासात दोन वेगवेगळ्या बाजूंनी येते, आणि त्या दोन्ही एकत्र पाहिल्या पाहिजेत. विद्यार्थिदशेत ते परळमधील डबक चाळीतील एका खोलीत राहत होते. तिथे जागा इतकी अपुरी होती की वडील रामजी सकपाळ रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः झोपत, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. गाळ्यात पाळीने झोपणाऱ्या कामगारांचीच ही रीत होती, फक्त इथे दुसरी पाळी गिरणीची नव्हती, पुस्तकाची होती. त्यांच्या दीर्घ अभ्यासाच्या स्मरणार्थ १४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत आणि ग्रंथालयांत सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याच्यासाठी झोप देऊन ज्ञान घेणे हा मुक्तीचा मार्ग होता, आणि १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी व मजुरांसाठी काढलेल्या रात्रशाळेपासून ही परंपरा चालत आली आहे. या त्यागाची थोरवी कमी करण्याचे काहीच कारण नाही. परंतु ज्या माणसाने स्वतःची झोप अशी खर्ची घातली, त्यानेच सत्ता हाती आल्यावर लाखो कामगारांच्या कामाचे तास कमी करण्याचा कायदा पुढे आणला, ही बाजू त्या उपक्रमांत क्वचितच सांगितली जाते. कष्टकऱ्याला आठवड्याला सहा तास परत मिळवून देणे हेही त्याच अभ्यासाचे फळ होते.

माणसाला किती झोप लागते, या प्रश्नाचे आजचे उत्तर चरकापेक्षा फार दूर गेलेले नाही. प्रौढांसाठी सात ते नऊ तास ही सर्वसाधारण शिफारस आहे. वय, प्रकृती आणि श्रम यांनुसार ती व्यक्तीगणिक बदलते, आणि कमी पडलेली झोप इच्छाशक्तीने भरून निघत नाही. शरीरातील दैनंदिन लयीचे, म्हणजे झोप, भूक, शरीराचे तापमान यांच्या साधारण २४ तासांच्या चक्राचे, जनुकीय नियंत्रण उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. या लयीविरुद्ध दीर्घकाळ काम करण्याचे दुष्परिणाम इतके ठळक आहेत की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये अशा पाळीच्या कामाची नोंद मानवाला संभवतः कर्करोगकारक घटकांत केली आणि २०१९ मध्ये रातपाळीच्या कामाबद्दल तोच निष्कर्ष कायम ठेवला. रातपाळीचा कामगार दिवसा नीट झोपू शकत नाही, तो चिडका होतो, त्याचे पोट बिघडते, या गिरणगावातील बायकांना तोंडपाठ असलेल्या गोष्टी होत्या; प्रयोगशाळेने त्यांना फार उशिरा दुजोरा दिला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर भोंगे हळूहळू बंद पडले, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांच्या जमिनींवर मॉल, कार्यालये आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. परदेशी ग्राहकांच्या घड्याळाप्रमाणे रात्रभर चालणारी काही कार्यालये आज त्याच लोअर परळच्या परिसरात आहेत, आणि तिथे काम करणाऱ्या तरुणांपैकी कित्येकजण विरार, बदलापूर, पनवेल अशा दूरच्या उपनगरांतून येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. बारा तास हाच आकडा १९११ च्या कायद्यात कापडगिरण्यांसाठी होता. १८८१ पासून आजवरच्या या कायद्यांनी कामाचे तास मोजले, जेवणाची सुट्टी मोजली, साप्ताहिक सुट्टी मोजली. लोकलमध्ये जाणारे दोन-तीन तास त्यांच्या मोजणीत कधीच आले नाहीत. ते तास कामाच्या बाजूने कापले जात नाहीत, आणि म्हणून ते झोपेच्याच बाजूने कापले जातात.